अकरा नंबरचा श्वास

जेवणाच्या सुट्टीनंतर काकू वॉर्डात परत आली, तर अकरा नंबरच्या कॉटवरची गादी मधोमध दुमडून ठेवलेली होती. चादर नाही, उशी नाही. उघड्या पत्र्यावर केसांची एक पिन तेवढी राहिलेली. वॉर्डात गादी दुमडतात ती दोनच वेळेला, हे वॉर्डातल्या अडीच महिन्यांत तिला पाठ झालं होतं. एक तर माणूस घरी जातो, नाहीतर जातो. आणि अकरा नंबर घरी जायची नव्हती. पोटाच्या ऑपरेशनला आज तिसराच दिवस, टाके ओले, नळी अजून लावलेली. काकू दारातच उभी राहिली. हाताला साबणाचा वास येत होता, तोंडात डब्यातल्या भाताची चव होती.

तिला काकू म्हणायचे ते तिच्या नर्सिंगच्या वर्गातल्या पोरींनी म्हणायला सुरुवात केल्यापासून. चाळीस पोरी, सगळ्या अठरा-एकोणीसच्या, आणि ही चौतिसाची. पहिल्या दिवशी ती वर्गात शिरली तेव्हा निम्म्या पोरी उभ्याच राहिल्या होत्या, नवीन मॅडम आल्या म्हणून. ती मागच्या बाकावर जाऊन बसली आणि वर्गभर खसखस पिकली. तीही हसली. हसण्यावारी नेलं की निभतं, हे तिला शाळेचे गणवेश शिवायच्या दुकानात पंधरा वर्षं काढल्यामुळे माहीत होतं. प्रवेशाला पस्तिशीची अट होती. फॉर्म भरताना खिडकीतला कारकून म्हणाला होता, "बाई, शेवटच्या डब्याला लटकलात." नवरा वायरिंगची कामं करायचा. तो म्हणाला, "जा तू. मी करंट बघतो, तू नाडी बघ." एवढाच त्याचा आशीर्वाद. अकरा वर्षांच्या लेकीनं मात्र रात्री जवळ येऊन हळूच विचारलं होतं, "आई, तिथं बाई मारतात का गं?"

मारत नाहीत, असं तिनं सांगितलं होतं. ते खरंही होतं. पण घाबरायचं कशाला हे ती चुकीचंच धरून गेली होती. रक्ताला घाबरू, जखमेला घाबरू, मेलेल्या माणसाला हात लावायला लागला तर काय करू, असं धरून ती गेली आणि या सगळ्याला तिचं अंग वॉर्डातल्या आठ दिवसांत सरावलं. पहिला दीड महिना तर माणूस दिसलाच नाही. रबराच्या बाहुलीला अंघोळ घाला, तिच्याखालची चादर बदला, कोपरे पंचेचाळीस अंशात दुमडा, हात धुवा, परत धुवा. बाहुलीचा डावा हात खांद्यातून निसटायचा आणि पोरी म्हणायच्या, "काकू, टाका घाला." टाका घालायला तिला आवडलंही असतं. मग वॉर्ड सुरू झाला, आणि भीती वॉर्डात कुठं राहते ते तिला कळलं. ती रोग्यापाशी नव्हतीच. ती कॉटच्या पायथ्याशी, लोखंडी क्लिपात अडकवलेल्या कागदात होती.

"तू आलीस का? बरं झालं," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. त्या टेबलाशी उभ्यानंच काहीतरी लिहीत होत्या. तीस वर्षांच्या नोकरीला शोभेल असं त्यांचं तोंड कधीच पुरतं रागावलेलं नसायचं आणि कधीच पुरतं निवळलेलं नसायचं. "अकरा नंबरला खाली आयसीयूत हलवलंय. साडेबाराला एकदम धाप लागली. घाईत चार्ट इथंच राहिला, ते खालून दोनदा ओरडले. पळत नेऊन दे."

आणि त्यांनी तिच्या हातात तिनंच सकाळी लिहिलेला कागद ठेवला.

म्हणजे जिवंत आहे, हे तिला जिन्यापाशी पोचल्यावर उमजलं. पाय मग हलके व्हायला हवे होते. पण ते पहिल्याच पायरीवर थांबले. कागद छातीशी धरलेला होता आणि तो बघायची गरज नव्हती, तरी तिनं बघितला. दहा वाजता. ताप शंभर. नाडी एकशेदहा. श्वास वीस. खाली तिची बारीक, नीटस सही. ताप पाहिला होता. नाडी मोजली होती, घड्याळ समोर धरून, पूर्ण मिनिट. श्वास मोजला नव्हता.

कुणीच मोजत नाही. हे तिला पहिल्याच आठवड्यात तिच्या जोडीच्या पोरीनं सांगितलं होतं. तिला सगळे चिमणी म्हणत, अंगापिंडानं तशीच होती. चोवीस कॉटा, दोघी जणी, राउंडला तास राहिलेला. काकू अजून दुसऱ्याच कॉटपाशी रोग्याच्या छातीकडं टक लावून बसलेली बघून चिमणीनं तोंडावर हात दाबला होता. "काकू, तुम्ही खरंच मोजताय?"

"मग? मॅडमनी सांगितलंय."

"अहो, मॅडम सांगणारच. वीस लिहा. सगळ्यांना वीस. फार वाटलं तर मधे एखादीला अठरा लिहा, खरं वाटतं."

ट्यूटर मॅडमनी सांगितलं होतं ते असं: नाडी मोजून झाली की मनगट सोडायचं नाही. रोग्याला वाटलं पाहिजे, अजून नाडीच चाललीय. नजर मात्र छातीवर न्यायची आणि वर-खाली एक, वर-खाली दोन, पूर्ण मिनिट. बोलायचं नाही, सांगायचं तर मुळीच नाही. आपला श्वास कुणी मोजतंय असं कळलं की कुठलाच माणूस नीट श्वास घेत नाही. सगळ्या कामात हे एकच काम असं, की जे चोरून केल्याशिवाय खरं होत नाही. काकूला ते फार आवडलं होतं. दुकानात गिऱ्हाइकाचं माप ती असंच घ्यायची. पोरगं आईच्या मागं लपलेलं असायचं, आणि ही आईशी बोलता बोलता नजरेनंच खांदा, छाती, बाही धरून ठेवायची. टेप नंतर लावायची ती खात्रीपुरती. दुकानाचे मालक म्हणायचे, हिच्या डोळ्यात टेप आहे.

पहिले तीन-चार दिवस तिनं मोजलंही. चौथ्या दिवशी एका बाईचा श्वास अठ्ठावीस भरला आणि ती धावत मोठ्या सिस्टरांकडं गेली. सिस्टर आल्या, त्यांनी मनगट धरलं, घड्याळ बघितलं, मनगट सोडलं. "एकवीस. ही बाई आत्ता संडासाला जाऊन आलीय, दम लागला असेल. आल्या आल्या मोजलंस होय?" वॉर्ड ऐकत होता. राउंडला आलेले दोन डॉक्टरही ऐकत होते. "एवढी मोठी बाई तू. वयानं शहाणपण येत असतं तर मला काय हवं होतं!" कुणीतरी हसलं. काकूच्या कानाच्या पाळ्या तापल्या, थेट लहानपणी तापायच्या तशा. ती दुकानात कधी चुकली नव्हती असं नाही, पण दुकानात चूक उसवता यायची. त्या दिवसापासून तिनं वीस लिहायला सुरुवात केली. सोपं होतं. आकड्यांची रांग धावदोऱ्यासारखी सरळ यायची, वीस, वीस, वीस, आणि सिस्टर रांगेवरून बोट फिरवत म्हणायच्या, "हं. चला पुढं."

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती थांबली. खिडकीतून खालचा वाहनतळ दिसत होता, एक माणूस गाडीची काच पुसत होता, शांतपणे, गोल गोल. आपण तो माणूस असतो तर, असं तिच्या मनात आलं. खिशात पेन होतं. इंग्रजी आकड्यात लिहिलेल्या वीसमधल्या शून्याला वरून बारीक शेपटी काढली की त्याचा सहा होतो. सव्वीस. शाई तीच, हात तोच, कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. आणि सव्वीस हे वीसपेक्षा खऱ्याच्या जवळही असेल. असेलच. कारण तिनं पाहिलं होतं.

हे ती जेवणाच्या टेबलापासून, खरं तर सकाळपासून, मनाच्या एका कोपऱ्यात उलटं घालून ठेवत आली होती. नुसतं मोजलं नाही एवढंच असतं तर चाळीस पोरींमध्ये वाटून घेता आलं असतं. पण तिनं पाहिलं होतं. अकरा नंबरची बाई बेकरी चालवायची. हातावर भट्टीचे जुने डाग, आवाज मोठा, पहाटे तीनला उठायची सवय म्हणून सगळ्या वॉर्डाला जागं करणारी. काकू चार्ट घेऊन गेली की रोज म्हणायची, "काय हो, किती भरला ताप? जास्त भरला तर जरा कमी लिहा बाई, माझी भट्टी विझलीय." आज काहीच म्हणाली नाही. नुसती बघत राहिली. गळ्याखालचा खळगा प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता आणि गाऊनचा काठ भराभर हलत होता. काकूच्या डोळ्यातल्या टेपेनं ते बरोबर धरलं होतं. हिचं माप बदललंय. मग तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं, राउंडला दहा मिनिटं होती, दोघींच्या मिळून तेरा कॉटा राहिल्या होत्या. मोजला आणि जास्त भरला तर सिस्टरांना सांगावं लागेल. सिस्टर येतील, मनगट धरतील, एकवीस म्हणतील. वॉर्ड ऐकेल. तिनं मनगट सोडलं आणि वीस लिहिलं. लिहिताना हात थोडासुद्धा कापला नव्हता, याची तिला आता सगळ्यात जास्त भीती वाटली.

पेनाचं टोपण तिनं काढलं. कागद खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. सव्वीसच का? बत्तीस असेल तर? हा आकडाही मनातूनच काढलेला. पहिली थाप झाकायला दुसरी, पहिलीपेक्षा जरा चांगल्या शिलाईची. वरून कुणीतरी चपला वाजवत उतरत होतं. तिनं कागद उचलला आणि टोपण लावत लावत पायऱ्या उतरायला लागली. चांगुलपणानं उतरली असं तिलाही नंतर कधी म्हणवलं नाही. चपला वाजल्या म्हणून उतरली.

आयसीयूच्या बंद दारासमोर बाकावर एक बाई बसली होती. तोंडवळा तोच, फक्त उंच. बेकरीवालीची बहीण. अंगावरच्या ॲप्रनला पीठ लागलेलं, काढायचंही तिला सुचलं नव्हतं. काकूचा पांढरा गणवेश बघून ती उठली.

"ताई, तुम्ही वरच्या ना? सकाळी बरी होती ना हो ती? मी अकरा वाजता फोन केला तर म्हणाले, सगळं ठीक आहे, चार्ट चांगला आहे. म्हणून मी पाव भट्टीत घातले. नाहीतर तेव्हाच निघाले असते."

काकूनं दाराच्या मुठीला हात घातला.

"तुम्हीच बघितलं होतंत का तिला?"

"हो," काकू म्हणाली. "मीच." आणि दार ढकललं.

आत थंड होतं आणि यंत्रं आपापल्या सुरात वाजत होती. बेकरीवालीच्या नाकातोंडावर प्लास्टिकचा मास्क होता. ती बसलेलीच होती, मागे चार उशा लावून, आणि तिचा सगळा देह एकाच कामाला जुंपलेला होता. डोळे उघडे. पलंगाशी एक तरुण डॉक्टर आणि तिथल्या एक सिस्टर. डॉक्टरनं हात पुढं करून कागद जवळजवळ हिसकावलाच.

"आला एकदाचा. बघू. दहाला श्वास वीस. नाडी वाढलेली आहे, ती दुखण्यानंही वाढते. आणि साडेबाराला एकदम चाळीस." तो स्वतःशीच बोलत होता, पण मोठ्यानं. "दहाला वीस आणि अडीच तासांत चाळीस. म्हणजे हे अचानक झालंय. फुप्फुसात गुठळी. सिस्टर, रक्त पातळ करायचं इंजेक्शन काढा."

"टाके ताजे आहेत, डॉक्टर. पोटात रक्त सुटलं तर?"

"माहीत आहे हो. सकाळपासून हळूहळू वाढत आलं असतं, तर मीही आधी पोट बघितलं असतं, आत काही गळतंय का म्हणून. पण हा कागद तसं सांगत नाही ना. काढा."

सिस्टरनी इंजेक्शनची बाटली हातात घेतली, झाकण उडवलं, रबर पुसलं. काकू दाराशी उभी होती. तिला कुणी थांब म्हटलं नव्हतं. मागं वळायचं, दार ढकलायचं, जिना चढायचा. काम झालं होतं. कागद पोचला होता. तिला वाटलं, आपण ओरडलोय. पण कुणीच वळून बघितलं नाही, म्हणजे ओरडलो नसणार. सुई रबरातून आत गेली. पांढऱ्या नळीत पाण्यासारखं औषध चढायला लागलं.

"तो आकडा खरा नाही," काकू म्हणाली.

आवाज असा आला की तिला स्वतःलाच तो बाहुलीतून आल्यासारखा वाटला. डॉक्टरनं मान वर केली. "कुठला?"

"श्वास. मी लिहिलाय. मी मोजला नव्हता."

"मग किती होता?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे? वीस कुठून आलं?"

"सगळे..." ती म्हणाली आणि थांबली. चिमणी तोंडापर्यंत आली होती, ती तिनं गिळली. "मी असंच लिहिलं. पण जास्त होता. ती बोलत नव्हती, रोज बोलते. गळ्याचा खळगा आत जात होता. दहालाच."

"तुम्हाला दिसत होतं ते?"

"हो."

"आणि तुम्ही वीस लिहिलंत."

"हो."

सिस्टरनी सुई हवेतच धरली होती. डॉक्टर काकूकडं बघत राहिला. तो तिच्या धाकट्या दिरापेक्षाही लहान असेल. त्याच्या तोंडावर राग यायला हवा होता. आला तो घाम होता, वरच्या ओठावर. तोही घाबरलाय, हे तिला कळलं. दोन शब्दांचा उशीर झाला असता तर, हे त्याच्याही मनात चाललंय. "ठेवा ते," तो सिस्टरना म्हणाला. "पोटाचा फोटो काढा आधी, इथंच मशीन मागवा. मोठ्या सरांना फोन लावा. गुठळी नाहीच असं मी म्हणत नाही, पण..." बाकीचं त्यानं सांगितलं नाही. कागद काकूच्या पुढ्यात ठेवला. "दुरुस्त करा. नियम माहीत आहे ना?"

माहीत होता. खोडायचं नाही, गिरवायचं नाही. एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे अशी. बाजूला खरी नोंद, वेळ, पूर्ण नावाची सही. तिनं रेघ मारली. वीस खालून दिसत राहिलं. बाजूला खरी नोंद लिहायला ती वाकली आणि तिच्याकडं लिहायला आकडाच नव्हता. दहा वाजताचा तो श्वास कुणीही कधीही मोजू शकणार नव्हतं. तो जगातून गेला होता. तिनं लिहिलं, 'मोजला नाही.' खाली पूर्ण नाव. चार महिन्यांत ते तिनं कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं, आणि आता या दोन शब्दांखाली ते तिला कुणा अनोळखी बाईचं असावं तसं दिसलं. मान वर केली तेव्हा मास्कवरून बेकरीवालीचे डोळे तिच्याकडंच लागलेले होते. ऐकलं असेल का? त्या डोळ्यांत राग नव्हता, माफीही नव्हती. रागाला लागतो तेवढासुद्धा श्वास तिच्यापाशी शिल्लक नव्हता.

बाहेर बहीण पुन्हा उठली. काकू म्हणाली, "डॉक्टर पोटाचा फोटो काढतायत. ते सांगतील. आणि सकाळी ती बरी नव्हती. मी नीट बघितलं नाही." बहीण बसली की उभी राहिली, काय म्हणाली, हे तिनं बघितलं नाही. तेवढं धैर्य तिच्यात नव्हतं. ती जिना चढायला लागली.

वर बातमी तिच्या आधी पोचली होती. चिमणी औषधांच्या कपाटाआड उभी, ओठ पांढरे. "काकू, माझं नाव घेतलंत?"

"नाही."

"माझ्या पण बारा कॉटा आहेत हो," चिमणी म्हणाली आणि एकदम लहान मुलीसारखी रडायला लागली. "सगळ्या वीस आहेत."

"मग जा आणि मोज," काकू म्हणाली. "जा. नाक पूस आधी."

मोठ्या सिस्टर टेबलाशी बसलेल्या होत्या. बसलेल्या त्या सहसा दिसत नसत. "ट्यूटर मॅडमनी चार वाजता बोलावलंय," त्या म्हणाल्या. "ओळखपत्र घेऊन ये म्हणाल्या. माझ्या वॉर्डाची अब्रू घालवलीस बाई तू." मग त्या रजिस्टरच्या पुठ्ठ्यावरची धूळ बोटानं पुसत राहिल्या. "त्या दिवशी अठ्ठावीस म्हणाली होतीस ना तू? त्या संडासाला गेलेल्या बाईचा? मी काही पूर्ण मिनिट मोजलं नव्हतं तेव्हा." हे त्या काकूला म्हणाल्या की धुळीला, कळलं नाही. "दोनचे चार्ट राहिलेत. चारपर्यंत तू इथलीच आहेस."

चार वाजता ओळखपत्र काढून घेतील. घरी जाऊन लेकीला काय सांगायचं? बाई मारत नाहीत, त्यांना मारावं लागत नाही. की त्याच्या आधीच खालून फोन येईल आणि मग ओळखपत्राचं काहीच वाटणार नाही? फोन टेबलावर होता, काळा, गप्प. काकूनं क्लिपातला पहिला चार्ट घेतला आणि एक नंबरच्या कॉटपाशी स्टूल ओढलं. तिथं एक म्हातारी होती, मांडीचं हाड मोडलेली, दिवसभर छताकडं बघत पडणारी. काकूनं तिचं मनगट धरलं. नाडी चौऱ्याऐंशी. मनगट सोडलं नाही. नजर चादरीच्या त्या भागावर नेली जिथं कापड वर जात होतं आणि खाली येत होतं. एक. दोन. तीन. किती हळू चालतं हे. एक मिनिट एवढं मोठं असतं, आणि त्यात इतकं सगळं मावतं, हे ती विसरलीच होती. सात. आठ.

"अहो," म्हातारी म्हणाली. "अहो सिस्टर."

काकू बोलली नाही. नऊ.

"इतका वेळ काय बघताय? रोज तर झटक्यात होतं तुमचं. काय झालंय मला?"

चादर भराभर हलायला लागली. म्हातारीची बोटं काकूच्या मनगटात रुतली. आता मोजून उपयोग नव्हता. हा श्वास म्हातारीचा राहिला नव्हता, भीतीचा झाला होता.

"सांगा ना. डॉक्टरनी काही सांगितलंय का माझं? मुलाला बोलवू का?"

"तुम्हाला काही झालेलं नाही, आजी," काकू म्हणाली. "मीच घाबरलेय. जरा हात धरून बसू द्या."

म्हातारीनं तिच्याकडं नीट निरखून बघितलं. बहुधा वॉर्डात आल्यापासून पहिल्यांदाच तिनं छत सोडून दुसरीकडं बघितलं असावं. "एवढंच होय," ती म्हणाली. "मग बस की. बस बाई, मी कुठं चाललेय?" आणि तिनं दुसरा हात काकूच्या हातावर ठेवला, थापटला, आणि डोळे मिटले. थोड्या वेळानं चादर हलकी झाली. टेबलावरचा फोन वाजायला लागला. सिस्टरांनी तो उचलला. काकूनं तिकडं बघितलं नाही. घड्याळाचा काटा बारावर यायची वाट बघितली, आणि तो आल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

एक.